चारचौघांसारखे म्हणजे काय?

(शहाड येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'नॉर्मल' हा शब्द इंग्रजी असला तरी मराठी घरात तो आता पाहुणा राहिलेला नाही. रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की पहिला प्रश्न 'सगळं नॉर्मल आहे ना?' असाच असतो. बाळंतपण नॉर्मल झाले की घर सुटकेचा निःश्वास टाकते. स्थळ सुचविताना मध्यस्थ दबक्या आवाजात सांगतो, 'मुलगा तसा नॉर्मल आहे हो', आणि त्या 'तसा'मुळेच ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. शाळेतून निरोप येतो की तुमचे मूल इतर मुलांसारखे नाही, तेव्हा आई-वडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. पूर्वी याच अर्थाने 'चारचौघांसारखा' असे म्हणत. हे चारचौघे कोण, त्यांनी माप कोठून आणले आणि त्या मापात न बसणाऱ्याचे समाजाने काय करावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता तो भाषेचा वाटेल. वस्तुतः तो कित्येक घरांतील बंद खोलीचा विषय आहे.

एक शब्द, तीन मापे

'नॉर्मल' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'नॉर्मा'त आहे. नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासण्याचे साधन. लाकडाला लावायचे हे साधन माणसाला लावले गेले ते एकोणिसाव्या शतकात. बेल्जियमचे गणिती व खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. हजारो सैनिकांच्या छातीची मापे मांडून त्यांनी मध्य काढला. ते येथेच थांबले असते तर बिघडले नसते. परंतु त्यांच्या दृष्टीने हा मध्य म्हणजे निसर्गाचा आदर्श होता आणि त्यापासून दूर असलेला प्रत्येक जण ही निसर्गाची लहानमोठी चूक होती. बहुसंख्य जसे आहेत तसेच सर्वांनी असावे, हा समज तेव्हा शास्त्राच्या वेषात वावरू लागला.

या समजाची परीक्षा पुढे अमेरिकी हवाई दलात झाली. विमाने वेगवान झाली, अपघात वाढले; तेव्हा १९५० मध्ये चार हजारांहून अधिक वैमानिकांच्या शरीराची मापे घेण्यात आली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतील ४,०६३ वैमानिकांची उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे निवडून प्रश्न विचारला : या दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास असणारे किती? उत्तर आले : एकही नाही. ज्या सरासरी वैमानिकासाठी विमानातील बैठक बेतली होती, तो वैमानिक अस्तित्वातच नव्हता. यावर हवाई दलाने वैमानिक बदलले नाहीत. मागेपुढे सरकणारी आसने आणि लांबी कमी-जास्त करता येणारे पट्टे बसविले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण घर, शाळा आणि शाखा यांनाही ती लागू पडते.

दुसरे माप दवाखान्यातील. अहवालात आकड्यापुढे 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते. ती बहुधा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांच्या आकड्यांवरून ठरवितात. म्हणजे शंभर निरोगी माणसांतील पाच जण व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकाच वेळी केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचेही सर्व आकडे मर्यादेत येण्याची शक्यता अवघी ३६ टक्के उरते. म्हणूनच जाणता वैद्य कागदाबरोबर माणसाकडेही पाहतो.

तिसरे माप रूढीचे, आणि तेच सर्वांत कडक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी विवाह केला. मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. सख्ख्या आईला मुलाशी मोकळेपणाने वागणे अवघड झाले. त्या काळच्या चारचौघांच्या दृष्टीने कर्वे यांची बुद्धी फिरलेली होती. १९५८ मध्ये त्यांच्या शंभरीच्या वर्षी देशाने त्यांना भारतरत्न दिले. कर्वे तेच होते, माप बदलले होते. डाव्या हाताने जेवणाऱ्या मुलाच्या हातावर फटका मारणारी पिढीही फार जुनी नाही. मुलाच्या मेंदूची ती स्वाभाविक ठेवण होती. घराने तिला खोड मानले.

रूढीची गंमत अशी की ती आतल्या माणसाला दिसत नाही. शहाडकरांना हे वेगळे सांगायला नको. विठ्ठलाचे बिर्ला मंदिर आणि रेयॉनचा कारखाना या शहाडच्या दोन खुणा. जगात जेथे जेथे विस्कोस रेयॉन तयार होते, तेथे तेथे गंधकाच्या वायूंचा उग्र दर्प ही नेहमीची गोष्ट असते. पाहुण्याला तो लगेच जाणवतो. रोजच्या माणसाचे नाक काही वेळाने त्याची दखल घेणे सोडून देते. वास नाहीसा झालेला नसतो, सवय झालेली असते. समाजाचेही तसेच होते. ज्याची सवय झाली ते नॉर्मल, ज्याची झाली नाही ते विचित्र!

मापांची अदलाबदल

ही तिन्ही मापे आपापल्या जागी उपयोगाची आहेत. अनर्थ होतो तो एक माप दुसऱ्याच्या जागी वापरल्यावर. जो बहुसंख्यांसारखा नाही तो आजारी, आणि जो रूढीबाहेर गेला तो वेडा, असे समीकरण मांडले की सत्तेच्या हाती भयंकर शस्त्र येते. सोव्हिएत रशियाने ते वापरले. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाच्या निषेधार्थ लाल चौकात जे मोजके लोक उभे राहिले, त्यांत नताल्या गोर्बानेव्हस्काया ही कवयित्री होती. पुढे तिला स्किझोफ्रेनिया झाल्याचे ठरवून मनोरुग्णालयात डांबण्यात आले. सरकारशी मतभेद हेच आजाराचे लक्षण ठरले. अशा प्रकारांवरून जगभर इतका गदारोळ झाला की १९८३ मध्ये सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेला जागतिक संघटनेतून बाहेर पडावे लागले.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याबाबत नेमकी भूमिका घेतली आहे. त्याचे तिसरे कलम सांगते की एखाद्याला मानसिक आजार आहे की नाही, हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरेल. त्याची जात, धर्म, आर्थिक वा राजकीय स्थान यांवरून ते ठरणार नाही. समाजात रूढ असलेली नैतिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्ये वा धार्मिक श्रद्धा तो मानत नाही, एवढ्यावरूनही ठरणार नाही. १९१२ च्या इंग्रजी अमलातील कायद्याच्या नावातच 'वेडेपणा' होता. तेथून येथवरचा प्रवास शतकाहून मोठा आहे.

बरा झाला, पण घरी कोण नेणार?

याची उलट बाजूही पाहिली पाहिजे. वैद्यकाने निरोगी ठरविले तरी समाज ते मानतोच असे नाही. त्याचे उदाहरण शेजारच्या कल्याणातच आहे. पत्री पुलाच्या परिसरात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांची वसाहत आहे. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णापासून संसर्गाचा धोका उरत नाही. तरीही झडलेली बोटे पाहून दारे बंद होत राहिली. रोग शरीरातून गेला, पण लोकांच्या नजरेतून गेला नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात व अन्य वैयक्तिक कायद्यांत कायम होते. ते वगळण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. या वसाहतीसाठी दीर्घकाळ झटलेले, नौदलात सेवा केलेले डोंबिवलीचे गजानन माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कार्याचा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर ज्यांना औषधाने बरे केले होते, त्यांना माणसांत आणण्याचे उरलेले काम त्यांनी केले.

मनाच्या आजाराची गोष्ट

कुष्ठरोगाहूनही अधिक लपविले जाते ते मनाचे दुखणे. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद मुंबई-ठाण्याच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या चालत आला. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील चार सरकारी मनोरुग्णालयांवर महाराष्ट्राने आपल्या असंख्य दुखऱ्या माणसांचा भार टाकला आणि वर त्या गावांच्या नावांची थट्टाही केली. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्याची संस्था उभारली आणि भिंतीआडचा हा विषय व्यासपीठावर, शाळांत, पालकांच्या मेळाव्यांत आणला, ही या जिल्ह्याची जमेची बाजू.

मनाचा आजार म्हणजे स्वभावदोष, दुबळी इच्छाशक्ती किंवा पूर्वजन्मीचे पाप असे अजूनही मानले जाते. येथे पुन्हा रेयॉनकडेच वळावे लागते. या धाग्यासाठी कार्बन डायसल्फाइड हे रसायन लागते. त्याचा वापर आधी रबराच्या धंद्यात होत असे. १८५६ मध्ये पॅरिसचे डॉक्टर ऑग्युस्त देलपेश यांनी नोंदविले की त्याच्या वाफा श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांचे स्वभाव पालटत, कोणी विनाकारण संतापत, कोणाची स्मृती जाई, कोणाला भ्रम होत. कालपर्यंत शहाणासुरता असलेला संसारी माणूस एका वायूने वेडापिसा होत होता. विसाव्या शतकात रेयॉनच्या कामगारांतही हाच अनुभव आला; पुढे हवेतील त्या वायूच्या प्रमाणावर बंधने आली. यातून निघणारा बोध असा की मन हे देहातच नांदते. रसायन, आनुवंशिकता, आघात, ताण, एकाकीपणा यांपैकी कशानेही ते आजारी पडू शकते. मधुमेह झालेल्याला कोणी 'इच्छाशक्ती वाढव' म्हणून इन्सुलिन नाकारीत नाही.

आणि हे दुखणे विरळाही नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. दहा माणसांमागे एक! म्हणजे या सभागृहातील जवळजवळ प्रत्येक ओळीत. ज्या गोष्टीचे प्रमाण एवढे आहे, ती दुसऱ्याच्या घरची म्हणून बाजूला सारता येत नाही.

कल्याणला रेल्वेमार्ग दुभंगतो. एक शहाडवरून कसाऱ्याला जातो, दुसरा कर्जतला. त्या दुसऱ्या मार्गावर, कर्जतजवळ, डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांच्या 'श्रद्धा' संस्थेचे केंद्र आहे. या कामाची सुरुवात १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत झाली. जटा वाढलेला, मळकट असा एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना या दांपत्याला दिसला. त्यांनी त्याला आपल्या रुग्णालयात नेले, न्हाऊ घातले, औषधे सुरू केली. तो बोलू लागला तेव्हा कळले की तो आंध्रातील चांगल्या घरचा पदवीधर असून प्रयोगशाळेतील तपासण्यांचा अभ्यासक्रमही त्याने पूर्ण केला आहे. पुढे त्याचे कुटुंब सापडले आणि तो घरी गेला. तेव्हापासून रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन या संस्थेने देशाच्या कानाकोपऱ्यात त्यांच्या घरी पोहोचविले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

फलाटावरच्या ज्या माणसाला वळसा घालून लोक लोकल पकडतात, त्याला नाव आहे, गाव आहे, कदाचित पदवीही आहे. त्याला 'नॉर्मल' करणे म्हणजे काय? औषधे त्याचे भ्रम शमवतात. पण ज्या दिवशी तो आपले नाव सांगतो आणि त्या नावाने हाक मारणारे कोणीतरी दारात उभे असते, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने परत येतो. यातील पहिली अर्धी वाट डॉक्टरांची. उरलेली अर्धी कुटुंबाची आणि गावाची.

कुटुंब : औषध आणि अपायही

आपल्या कुटुंबसंस्थेचा आपल्याला अभिमान आहे, आणि त्याला काही आधारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा पाठपुरावा केला. त्यांत आग्रा आणि पुढे चंडीगड ही भारतीय केंद्रे होती. श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा येथील रुग्णांची स्थिती काही वर्षांनंतर अधिक बरी आढळली. कुटुंबाचा आधार हे त्यामागचे एक कारण असावे, असा तर्क मांडला गेला. या निष्कर्षांवर अभ्यासकांत वादही झाले.

परंतु केवळ अभिमानाने भागत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका झोपडीवजा निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी जखडलेले २८ जण पळू न शकल्याने जळून मेले. त्यांना तेथे बहुधा त्यांच्याच नातेवाइकांनी आणून सोडले होते. तेही भारतीय कुटुंबच होते. आज कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. पण लोखंडाची साखळी सुटली तरी शब्दांची सुटतेच असे नाही. इंग्लंडमधील जॉर्ज ब्राऊन यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासात दिसून आले की ज्या घरांत रुग्णाला सतत टोचून बोलले जाते, किंवा अतिकाळजीपोटी श्वासही घेऊ दिला जात नाही, त्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. 'तुझ्यामुळे बहिणीचं लग्न अडलंय' हे वाक्य गोळीचा परिणाम पुसून टाकू शकते.

महाराष्ट्राच्या भूमीत याहून उदार दृष्टी होती. तेराव्या शतकात विदर्भातील ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभू होऊन गेले. महानुभाव पंथ त्यांना पंचकृष्णांतील एक अवतार मानतो. त्यांचे वागणे मात्र लोकरीतीत न बसणारे होते. कोणाच्याही घरी शिरावे, मिळेल ते खावे, मुलांमध्ये रमावे, स्पृश्यास्पृश्यतेचे निर्बंध मानू नयेत. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात दिसते की गावकरी त्यांना वेडे म्हणत, आणि तेच गावकरी त्यांना आपले मायबापही म्हणत. भक्तांची श्रद्धा हा वेगळा विषय. पण एका गावाने आपल्या चाकोरीत न बसणाऱ्याला वेशीबाहेर न घालवता घराघरांत वावरू दिले, हे त्या चरित्रातून स्पष्ट होते.

प्रकृती आणि स्वास्थ्य

शेवटी मराठीकडे वळावे. मराठी माणूस भेटला की 'प्रकृती कशी आहे?' असे विचारतो. आयुर्वेदाने प्रत्येकाची प्रकृती निराळी मानली आणि त्या स्वतःच्या प्रकृतीपासून ढळणे म्हणजे विकृती मानली. तुलना शेजाऱ्याशी नव्हे, तर ज्याची त्याच्याशी. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण त्यातूनच आलेली. 'स्वस्थ' हा शब्दही तसाच : जो स्वतःत स्थिर आहे तो. सुश्रुताने स्वस्थाची व्याख्या करताना दोष, धातू, अग्नी यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता आवश्यक मानली. इतरांसारखे असणे ही अट कोठेही घातली नाही. अर्थात, वेगळेपणा आणि आजार यांत गल्लत करून आजाराला 'त्याची प्रकृतीच तशी' म्हणत उपचार टाळणे हेही तितकेच घातक. कसोटी सोपी आहे. माणूस चारचौघांपेक्षा वेगळा आहे का, असे विचारू नये. तो स्वतः पूर्वी होता तसा राहिला आहे का, त्याची झोप, भूक, काम, माणसांतली ऊठबस ढासळली आहे का, तो स्वतः दुःखी आहे का, असे विचारावे. उत्तर काळजीचे असेल तर उशीर न करता डॉक्टर गाठावा.

कार्यकर्त्यांनी येथून जाताना तीन गोष्टी नेल्या तरी पुष्कळ झाले. पहिली, 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक प्रत्येक वस्तीत माहीत व्हावा. दुसरी, भटकणारा मनोरुग्ण दिसल्यास पोलिसांना कळवावे. त्याला संरक्षणात घेणे, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे आणि कोठडीत न डांबणे ही २०१७ च्या कायद्यानुसार त्यांची जबाबदारी आहे. तिसरी गोष्ट घरातली. वस्तीत ज्या घरातील एखादा तरुण कार्यक्रमांना येईनासा झाला आहे, ज्याच्याविषयी घरचे 'तो जरा बाहेरगावी असतो' असे सांगतात, त्या घरी जावे. चौकशीसाठी नव्हे, चहासाठी. त्याला नावाने हाक मारावी, तो बोलला तर ऐकावे, नाही बोलला तर बसून राहावे, आणि निघताना पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो म्हणून सांगावे. आणि त्याप्रमाणे जावे.